वाणीणबाईची मासळी

आमच्या घरात मासा शिरला तो माझ्या नोकरीतून. नांदेडला विष्णुपुरीच्या बाजूला एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवतो, आणि त्यातही मासे हा माझा विषय. घर लातूर जिल्ह्यातलं, रेणापूरकडच्या एका गावात. पिढीजात किराणा दुकान, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि अंडं हा शब्दसुद्धा जपून उच्चारायचा. अशा वाण्याच्या घरात माझ्या विषयाची बातमी पोचली तेव्हा आईनं एवढंच विचारलं, "शिकवतोस म्हंजे नुसतं फळ्यावर ना?" मी हो म्हणालो. पुढं सोयरिकीच्या वेळी तिनं पाहुण्यांना सांगून टाकलं की मुलगा पाण्याचा प्रोफेसर आहे. पाण्यात काय असतं ते त्यांनी विचारलं नाही आणि हिनंही सांगितलं नाही.

तसा मासा त्याच्याही आधीपासून आमच्या दाराशी येऊन थांबत असे. भोई गल्लीतली एक मावशी रोज सकाळी मासळीची टोपली घेऊन निघायची. टोपली रस्त्यापलीकडं लिंबाखाली ठेवायची, वर ओलं पोतं टाकायची, आणि मग आमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन चहाला बसायची. आई तिला आक्का म्हणायची आणि ती आईला वाणीणबाई. आई लग्न होऊन या गावात आली त्या वर्षापासूनची ही दोस्ती. मावशी आमच्याकडचा चहा प्यायची, पण आई काही तिच्या घरचा घेत नसे. त्या चुलीवर काय काय शिजतं याची तिनं धास्ती घेतली होती. त्यावरून मावशी तिला मनसोक्त छळायची.

"तुझ्या दुकानाच्या तुरीत पोरकिडे निघत्यात ते चालत्यात का गं तुला?"

"ते निवडून टाकते मी."

"आन् निवडताना सुटला एखादा तर?"

आई त्यावर साखर कमी घातल्याचा बहाणा करून आत जायची.

गावाखाली एक पाझर तलाव आहे, गाव त्याला नुसतं तळं म्हणतं. ज्या उन्हाळ्यात लातूरला आगगाडीनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमचं तळं ठणठणीत कोरडं पडलं. पोरांनी त्यात क्रिकेटचं पिच केलं. मासळी सगळी गेली. मावशीवर लातूरच्या बाजारातून मासळी आणून आठवडी बाजारात विकायची पाळी आली. आंध्राकडून ट्रक यायचे, त्यातली काही मासळी पिंपात जिवंत असायची. ती विकताना मावशीचा चेहरा आपल्याच घरी पाहुणा म्हणून आल्यासारखा असे. "ह्या मासळीला गाव न्हाई, बाबा," असं ती मला म्हणाली होती.

मग पाऊस झाला आणि तळं भरलं. पुढच्या वर्षी पाण्यात बारीकसारीक मासे दिसू लागले, ओढ्यातून आलेले. आणि एक दिवस मावशीनं मला थेट नांदेडला फोन केला. एरवी ती माझ्याशी फोनवर बोलायची नाही, कारण फोनवर माणसाचं तोंड दिसत नाही अशी तिची तक्रार. त्या दिवशी मात्र ओरडून म्हणाली, "मरळ आली!"

मरळ म्हणजे आमच्या भागातल्या माशांमधली थोरली सून. अंगानं लांब, सापासारख्या तोंडाची, चिखलात तग धरणारी. तळाच्या कुठल्या तरी ओलाव्यात चार-दोन जिवंत राहिल्या असाव्यात किंवा वरच्या ओढ्यातून आल्या असाव्यात. बाळंतिणीला, ऑपरेशन झालेल्याला, टाके पडलेल्याला मरळीचा रस्सा द्यायचा, जखम लवकर भरते, असं अर्धा मराठवाडा मानतो. मावशीच्या मते तर तळ्यात मरळ नसेल तर ते तळं नव्हेच, ते नुसतं साठलेलं पाणी.

तिनं लगेच गल्लीत फर्मान काढलं. दोन पावसाळे मरळीला हात लावायचा नाही. आधी त्यांना विणू द्या, पिल्लं मोठी होऊ द्या. जाळ्यात आलीच तर पाण्यात परत. भोई गल्ली म्हणजे मोजकी घरं, आणि मावशीच्या तोंडाला सगळी गल्ली घाबरून. नेम पाळला गेला. मी कॉलेजात मुलांना हेच संवर्धन म्हणून तक्ते काढून शिकवत होतो. मावशीकडं तक्ते नव्हते पण शिव्या होत्या, आणि त्यांचा परिणाम माझ्या तक्त्यांपेक्षा बरा होता.

या नेमाची परीक्षा झाली ती तिच्याच घरात. मावशीची एकुलती एक लेक दिवसांत होती. आधी एकदा पोटातलं गेलेलं, त्यामुळं मायलेकी दोघी धास्तावलेल्या. दसऱ्यानंतर लेकीचं ऑपरेशन करून बाळंतपण झालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. पोटाला टाके. आता मरळ पाहिजे. तळ्यात मरळी आहेत, जाळं दारात टांगलंय, आणि नेम हिनंच घातलेला. गल्लीतल्या बायका मजेनं बघत होत्या. एकीनं विचारलंही, "आज्जीबाई, नेम बाळंतिणीला बी लागू हाय का?" मावशीनं दात ओठ खाल्ले आणि लातूरच्या पिंपातली मासळी शिजवून लेकीला घातली. आईनं इकडून डिंकाचे लाडू पाठवले. तिच्या दृष्टीनं टाके भरायला डिंकाएवढं दुसरं काही नाहीच.

पौषातल्या थंडीत मावशीचा पुन्हा फोन आला. या वेळी ओरडली नाही. "सर, येऊन जा," म्हणाली. ती मला सर म्हणाली तेव्हाच मला काळजी वाटली, कारण एरवी ती मला "पाण्याचा प्रोफेसर" म्हणून हाका मारायची.

तळ्याच्या काठाला, उथळ पाण्यात, एक मोठी मरळ कलती होऊन तरंगत होती. मरळ अशी कधी तरंगत नाही. तिच्या कुशीवर रुपयाएवढा लालभडक व्रण होता, मधून मांस दिसत होतं. पलीकडं आणखी एक होती, तिच्या शेपटीजवळ तसाच.

"देवी आल्यात," मावशी म्हणाली.

मी म्हणालो, "देवी नाही, बुरशीचा रोग आहे. थंडीत येतो. पाणी गार पडलं की माशाची ताकद कमी होते आणि बुरशी कातडीतून आत शिरते."

"तेच म्हणून राहिले मी. देवी आल्यात."

तिनं देवीचे सगळे कायदे लागू केले. भोई गल्लीत तळण बंद, फोडणी बंद, दारांना लिंबाचे डहाळे. जाळी सगळी वाळत टांगली, पाण्यात कुणी पाय घालायचा नाही. ओल्या जाळ्याबरोबर हा रोग एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातो, त्यामुळं जाळी वाळत पडली याचं मला बरं वाटलं. देवीच्या नावानं का होईना.

माझा उपाय होता चुना. छोट्या शेततळ्यात चुना टाकतात, पाणी सुधारतं. घरी येऊन मी थोरल्या भावाला, जो दुकान चालवतो, तळ्याला किती चुना लागेल ते हिशेब करून सांगितलं. त्यानं तराजू खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "एवढ्या चुन्यात आपलं गाव आन् शेजारचं गाव पांढरं होऊन जाईल. तळं पांढरं करून कुणाचं लगीन लावायचंय?" चुन्याचा विषय तिथंच मिटला. मेलेले मासे पुरायला म्हणून मावशीनं एक पोतं तेवढं नेलं.

काठावर बसून मी मावशीला जे सांगितलं ते तिला आधीच कळलं होतं, पण तिला ते दुसऱ्याच्या तोंडून हवं होतं. तळं मासळीनं भरलेलं असतं तर हा रोग येऊन गेला असता, शंभरातल्या काही गेल्या असत्या, बाकीच्यांनी भरून काढलं असतं. पण आपल्या मरळी दुष्काळातून कशाबशा उठलेल्या. मोजक्याच थोराड मरळी आहेत, विणणाऱ्या त्याच, आणि रोग त्यांनाच धरतोय. ज्या वाचतील त्याही अशक्त होतील, यंदा कदाचित विणणार नाहीत. नुसत्या मेलेल्या मोजून नुकसान कळत नाही.

मावशीनं तरंगणाऱ्या मरळीकडं बोट दाखवलं. "जखमा भरायला जिला खायचं," ती म्हणाली, "तिच्याच अंगावर जखमा." मग पदरानं डोळे पुसले. तिला रडताना मी पहिल्यांदाच बघत होतो. म्हणून मी मास्तरी प्रश्न विचारला, "तळ्यात बाहेरची मासळी कुणी सोडली का? बहुतेक वेळा असा रोग बाहेरच्या माशाबरोबर येतो."

"माझ्या गल्लीतलं कुणी? तंगडी मोडीन!"

रात्री जेवताना मी हे सगळं घरात सांगितलं. आई भाकरी भाजत होती. बाहेरच्या माशाचं ऐकून तिचा हात तव्यावरच थांबला. भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. मग तिनं विचारलं,

"बाहेरचा मासा सोडला तर रोग येतोच का?"

"येतोच असं नाही. येऊ शकतो."

"सोमवारी सोडला तरी?"

मी तिच्याकडं बघितलं. भावानं माझ्याकडं बघितलं. आईनं करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली आणि म्हणाली की तिला भूक नाही.

भाऊ झोपायला गेल्यावर तिनं मला सांगितलं. आठवडी बाजारात तिनं मावशीच्या पिंपात एक मासा बघितला होता, तोंड उघडझाप करणारा. तो पाणी मागतोय असं तिला वाटलं. मावशीची लेक तेव्हा दिवसांत होती. आईनं तिथंच, पिंपापुढं उभं राहून नवस बोलून टाकला, की आक्काच्या लेकीची सुटका नीट होऊ दे, मी श्रावणातल्या सोमवारी मुक्या जिवांची सुटका करीन. मग श्रावणात दर सोमवारी मावशीकडूनच जिवंत मासे मागवून, रंगाच्या रिकाम्या बादलीत घालून, महादेवाला जाते असं सांगून तिनं ते तळ्यात सोडून दिले होते. घरातलं भांडं नको म्हणून रंगाची बादली. तीही मावशीचीच.

"मावशीला माहीत होतं?"

"सांगितलं तर नवस फळतो का?"

मी तिला शास्त्र सांगितलं. रोग पुराच्या पाण्यातून येतो, दुसरीकडच्या ओल्या जाळ्यातून येतो, पक्ष्यांच्या पायाला लागून येतो असंही म्हणतात. तुझ्याच माशांनी आला हे मी तर नाहीच, कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही. तेव्हा उगाच मावशीला सांगायला जाऊ नकोस. आईनं सगळं ऐकून घेतलं. "तू झोप," म्हणाली. "सकाळी आक्का येईल तवा सांगते."

सकाळी मावशी पायरीवर बसली. टोपली नव्हतीच, गल्लीत सगळं बंद होतं. आईनं चहा दिला आणि उभ्या उभ्याच बोलायला लागली.

"आक्का, श्रावणात तू मला सोमवारी बादली आणून द्यायचीस..."

मावशीनं दचकून माझ्याकडं बघितलं. "गप! लेकरू हाय समोर."

"त्याला सांगितलंय मी."

"त्याला सांगितलंस? आन् थोरल्याला?"

"न्हाई अजून."

"मग सांगू नको! मी मरंपतूर कुणाला बोलायची न्हाई." मावशीनं आवाज बारीक केला. "अगं, हुतंय एखाद्याला. डाळ खाऊन खाऊन तोंड आळणी पडतंय. मला तर बरंच वाटलं. फकस्त श्रावण सोमवारी खाल्लंस तेवढं वाईट केलंस बघ. श्रावणात आमी बी खात न्हाई."

आईला अर्थ लागायला जरा वेळ लागला.

"म्या खाल्ले?"

"मग?"

"म्या? मासे? श्रावण सोमवारी?"

"अगं, तूच न्हाई का बोललीस? मी इचारलं, झालं का मनासारखं? तू म्हणलीस, लई समाधान झालं. मी म्हणलं, हळद जास्त लावत जा. तू म्हणलीस, हाव, लावते."

"मला वाटलं देवाला लावायची म्हणून राहिलीस!"

त्या क्षणी मी हसलो. मला हसू आवरलंच नाही. गावातली सर्वांत सोवळी बाई, आणि तिची सख्खी मैत्रीण पाच महिने तिचं नसलेलं पाप पोटात घालून गप्प बसली होती. एरवी हिच्या तोंडात काही राहत नाही. आईचा चेहरा संतापानं लाल झाला होता, आणि मावशी अजूनही तिला समजावत होती की त्यात एवढं काही नाही.

मग मावशी थांबली. कपाळाला आठी पडली.

"खाल्ले न्हाई, तर मग गेले कुठं?"

आईनं गावाखाली, तळ्याच्या दिशेनं बघितलं. "नवस होता," एवढंच तिच्या तोंडून आलं.

मावशीनं चहाचा कप पायरीवर ठेवला. अर्धा भरलेला होता. उठली आणि गेली. आमच्या पायरीवरचा चहा तिनं अर्धा टाकल्याचं मला तरी आठवत नाही.

ती पुढं बरेच दिवस आली नाही. मला नांदेडला परतावं लागलं, पण भाऊ रोज फोनवर सांगायचा. आई दोन कप चहा करते आणि दोन्ही आत घेऊन जाते. तळ्याकडून येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, आज कितीक मेले. देवापुढं बसते पण काही मागत नाही. मी तिला फोनवर परत शास्त्र सांगायला गेलो, तर म्हणाली, "तुझं 'असू शकतं, नसू शकतं' तुझ्या कॉलेजात ठेव. माझी दोस्ती गेली, ती हाय का न्हाई ते सांग." मला आईची खरोखर दया आली. एका जिवाला सोडवायला गेली आणि दुसऱ्या जिवाला अडकवून बसली.

मी पुन्हा गावी गेलो त्या सकाळी दुकानापुढं झाडलोट करत होतो. मावशी आली आणि पायरीवर न बसता उभी राहिली. आई आतून आली. दोघी एकमेकींकडं बघेनात.

"नवस कशाचा हुता ते तरी सांग," मावशी म्हणाली. "थोरल्याच्या दुकानाचा?"

आईनं मान हलवली. "तुझ्या लेकीचा. तिची सुटका नीट हुऊ दे म्हणून."

मावशी हळूच खाली बसली. पायरीवर हात फिरवत राहिली. घरी पाळण्यात निजलेली नात तिच्या डोळ्यांपुढं आली असणार.

"येडी," ती म्हणाली. "मला सांगायचं न्हाई? मीच सांभाळले असते ते मासे पिंपात, चार फुलं घालून."

"सांगितलं तर फळत न्हाई."

"फळला की." मग नाक ओढून म्हणाली, "मासे मीच दिले, बादली माझी, आन् तुझ्यावर रुसून बसले. आण च्या. साखर घाल नीट."

त्यानंतरच्या पावसाळ्यात मरळीची पिल्लं दिसली नाहीत. मावशी रोज काठानं फेरी मारायची आणि येऊन पायरीवर नुसती मान हलवायची. वाचलेल्या मरळी होत्या, पण खंगलेल्या. तळ्याचं एक अख्खं वर्ष त्या रोगानं खाल्लं. मावशीनं नेम वाढवला. दोन पावसाळ्यांचे किती झाले हे विचारायची हिंमत गल्लीत कुणाला झाली नाही. नात रांगायला लागली, मग चालायला लागली.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मी सुट्टीत घरी होतो. मावशी सकाळीच आली, मला ओलांडून आत गेली आणि आईचा हात धरून तिला ओढतच तळ्यावर घेऊन गेली. मी मागं मागं. आईनं आयुष्यात मासा बघायला म्हणून कधी पाऊल उचललं नव्हतं. आता ती चिखलात वाकून उभी होती.

काठाच्या गवताजवळ पाण्याच्या वरच्या थराला काही तरी लाल हलत होतं. कुंकवाची पुडी पाण्यात सांडावी तसा एक गोळा, आणि त्यात शेकडो बारीक पिल्लं. गोळा पुढं सरकला की खालून एक मोठी काळी सावली त्याच्याबरोबर सरकत होती. मरळ पिल्लं सोडून जात नाही, त्यांच्याखाली राहून पहारा देते. हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो.

आईचा हात आपोआप पदराच्या गाठीकडं गेला. तिनं चुरमुरे आणले होते. मावशीनं चटकन तिचं मनगट धरलं.

"वाणीणबाई, पाया पडते तुझ्या. तू ह्या पाण्यात आता काय बी टाकू नको."

दोघी हसायला लागल्या. हसता हसता आईच्या डोळ्यांना धार लागली, ती काही पुसेना. सावली जरा वर आली तेव्हा कुशीवर एक पांढुरका गोल चट्टा दिसला.

"तिला झालं हुतं का गं?" आईनं विचारलं.

"हाव. भरलंय आता."

आई त्या चट्ट्याकडं आणखी वाकली. मग हळू आवाजात, मला ऐकू जाऊ नये असं म्हणाली, "आक्का, नेम संपलाय ना तुझा? धरणार का हिला?"

मावशीनं तिचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"बाळंतीण हाय ती," ती म्हणाली.